उस्ताद, फरशी आणि पलीकडची थैली

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी.

कारण असं की साहेबांनी आज सगळ्यांना धक्क्यावर उभं करून सांगितलं, मुख्य तपासनीस नेमायचा आहे. बोटीच्या भाड्यात खोटी नाणी येतायत, बँक कुरकुरते आहे. माणूस हवा अनुभवी, शांत डोक्याचा आणि लेखी नोंदी ठेवणारा. अनुभवी मी आहेच. शांत तर इतका की मी घरात आहे की नाही हे लोकांना येऊन बघावं लागतं. राहिल्या नोंदी. त्या ह्या सुरू केल्या.

पद्धत एकदा लिहून काढतो, म्हणजे डोक्यात पक्की राहील. नदी ओलांडायला पाचाचं एक नाणं. एक खिडकी अलीकडच्या काठावर, एक पलीकडच्या. संध्याकाळी दोन्ही खिडक्यांच्या थैल्या माझ्या टेबलावर येतात. टेबलावर काळ्या दगडाची फरशी. थैलीतून मूठभर नाणी काढायची, एकेक फरशीवर टाकायचं आणि ऐकायचं. खरं नाणं बोलतं, खोटं गप्प बसतं. काठ बघा, अक्षरं बघा, रंग बघा, हे सगळं नवशिक्यांसाठी. मागे मी नुसत्या आवाजावर एक अख्खी खोटी थैली पकडली होती, ते साहेबांना अजून आठवतं.

शंका आलीच तर उस्ताद आहे. उस्ताद म्हणजे पाचाचं एक नाणं. दोनेक वर्षांपूर्वी थैलीत सापडलं, मी बदल्यात खिशातलं नाणं घातलं आणि ते ठेवून घेतलं. असा भरदार, गोल आवाज उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. ज्याचा आवाज उस्तादशी जुळेल ते पास.

अर्ज दोघांचे. एक माझा. दुसरा पलीकडच्या खिडकीवर बसणाऱ्या माझ्या साडूचा. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला इथे चिकटवला मीच. आता माझ्याच खुर्चीवर डोळा. असो. माझ्या मनात वैयक्तिक काही नाही.

५ फेब्रुवारी

कामावर उशीर. गजर झालाच नाही. ही म्हणते झाला, चांगला कोकलत होता, शेवटी हिनेच उठून बंद केला. झोपेत माणसाला काहीही ऐकू येतं.

संध्याकाळी थैल्या. अलीकडच्या थैलीतली बरीच नाणी मुकी निघाली, पण मधूनमधून एखादं छान बोलणारं होतं. पलीकडच्या, म्हणजे साडूच्या थैलीतून मूठ काढली. एकही बोललं नाही. परत मूठ काढली. तेच. सगळी फरशीवर पडून गार.

नुसती नोंद करतोय. आरोप नाही.

८ फेब्रुवारी

गजराचं घड्याळ दुकानात परत न्यायला गेलो. दुकानदाराने किल्ली फिरवून माझ्या तोंडासमोर धरलं आणि वाजतंय की म्हणाला. शेजारी उभ्या गिऱ्हाइकानेही मान हलवली. दोघांचं साटंलोटं असणार. वाद वाढवला नाही. नवीन घेतलं, महागातलं. तेही तसलंच निघालं.

साडूची थैली: आजही मुकी.

संकल्प: संताप आवरायचा. उशिरा झोपायचं नाही. साडूबद्दल हिच्याशी अवाक्षर काढायचं नाही.

९ फेब्रुवारी

साडूबद्दल हिच्याशी बोललो. ही म्हणाली, तुमचं हे आता बास करा. बाकीचं काय म्हणाली ते पाठ फिरवून म्हणाली, त्यामुळे कळलं नाही. हल्ली हिचा आवाज फार खाली गेलाय. अशक्तपणा असेल, टॉनिक आणायला हवं.

१२ फेब्रुवारी

साडूचं नवीन खूळ. दोरीला लोहचुंबक बांधून बसलाय. खिडकीत नाणं आलं की आधी चुंबक. चिकटलं तर थैलीत, नाही चिकटलं तर गिऱ्हाइकाला परत. म्हणतो, खरं पाचाचं नाणं चुंबकाला चिकटतं, खोटं चिकटत नाही, इतकं सोपं आहे दादा. साहेबांनी त्याचं कौतुक केलं. माझ्यादेखत.

मी म्हटलं, मग फ्रिजच्या दारालाच तपासनीस नेमा. कोणी हसलं नाही.

मुद्दा साधा आहे. तो इतकी गाळणी लावतो, तर त्याच्या थैलीत सगळी नाणी बोलकी हवीत. आणि माझ्या फरशीवर त्याच्याच थैलीची नाणी सर्वांत मुकी. ह्याचा अर्थ एकच. चुंबक हा देखावा आहे. खरी नाणी हा बाजूला काढतो आणि थैलीत लोखंडी खोटी भरतो. लोखंड काय, चुंबकाला चिकटणारच.

हे सुचल्यावर अंगावर काटा आला. इतक्या जवळचा माणूस.

१५ फेब्रुवारी

साडूच्या थैलीतली मुकी नाणी वेगळ्या डब्यात साठवली. डब्याला लाख लावून सील. रिपोर्ट लिहायला घेतला. पहिलं वाक्य जमत नव्हतं, म्हणून दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात केली.

साडू थैली घेऊन स्वतः आला होता. डब्याकडे बघितलं. मग अगदी जवळ येऊन, वाकून म्हणाला, दादा, राग मानू नका, एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवून घ्या.

माझ्या अंगाची लाही झाली. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याने पाळत ठेवणाऱ्याला औषधपाणी सुचवायचं. मी म्हटलं, माझे कान कसे आहेत ते तुला लवकरच कळेल. तो काहीतरी पुटपुटत गेला. मोठ्याने बोलायची हिंमत नाही, ह्यातच सगळं आलं.

१८ फेब्रुवारी

बँकेचं पत्र. तुमच्या भरण्यात खोटी नाणी पुन्हा सापडली, महिनाअखेर बंदोबस्त झाला नाही तर सुटी नाणी घेणं थांबवू. नाणी घेतली नाहीत तर बोट कशावर चालवायची. साहेबांचा चेहरा उतरला होता. टेबलावर हात आपटून बोलत होते, पण आवाज पार बसलेला. ह्या आठवड्यात सगळ्यांचेच घसे बसलेत, हवाच वाईट आहे.

खोटी नाणी बँकेत गेली कशी, हा प्रश्न मला पडला होता. मुकी तर मी डब्यात ठेवतो. बोलकीच पाठवतो. मग लक्षात आलं, मी मूठभरच तपासतो, बाकी थैली तशीच जाते. म्हणजे घोटाळा आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे.

साहेबांनी विचारलं, कोणावर संशय आहे का. मी रिपोर्ट पुढे केला. कागद जरा फडफडला. पंखा सुरू होता.

२० फेब्रुवारी

साडू निलंबित. चौकशी ५ मार्चला. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर कंपनीची ती दोन खोल्यांची जागाही.

ह्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या दोन खोल्यांत साडू आणि मेहुणीबरोबर सासूबाईही राहतात. जागा गेली तर त्या कुठे जाणार, हे हिने मला सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं असणार. भांडी घासताना खांदे हलत होते.

कर्तव्य म्हणजे कर्तव्य. जेवण मात्र गेलं नाही.

२३ फेब्रुवारी

पुरावा मिळाला. असा पुरावा की कोणीही गप्प बसेल.

साडूच्या जागी बदली माणूस बसवलाय, चुंबकबिंबक काही नाही, घे नाणं टाक थैलीत. आणि आज पलीकडच्या थैलीतून मूठ काढली तर त्यात चक्क चार-पाच नाणी बोलली. उस्तादसारखी, भरदार. साडू उठला आणि नाणी बोलायला लागली. आणखी काय हवं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी माझा रिपोर्ट पुन्हा वाचायला घेतला.

२४ फेब्रुवारी

सकाळी धक्क्यावर जरा लवकर गेलो. चिमण्या दिसेनाशा झाल्यात. पूर्वी पत्र्यावर कसला कलकलाट असायचा. आता एकीचाही चिवचिवाट नाही. मोबाइलच्या टॉवरमुळे म्हणतात. कोणाला कशाचं काही पडलेलं नाही.

धक्क्यावरची माणसं माझ्याशी कमी बोलतात. मोठं काम हाती घेतलं की माणूस एकटा पडतो.

२७ फेब्रुवारी

आज सुट्टी. ही बाजारात गेली होती, मी घरात एकटा. दुपारभर पेपर वाचला. किती दिवसांनी इतकी शांतता मिळाली. किटलीने मात्र दगा दिला, शिट्टी वाजलीच नाही, पाणी आटून बूड जळालं.

संध्याकाळ. वर लिहिलेली शांतता खोडायला हवी, पण शाईने लिहिलंय.

ही परत आली ती दारातच थांबली. मेहुणी जिन्यात बसली होती. दुपारपासून. बेल वाजवून वाजवून थकली, आत पेपरची पानं उलटताना दिसत होती म्हणे, खिडकीतून. मी मुद्दाम दार उघडलं नाही असं तिला वाटलं. तरी गेली नाही, पायरीवर बसून राहिली. तिला मला एवढंच सांगायचं होतं की भाऊजी, रिपोर्ट मागे घेऊ नका हवं तर, पण बँकेच्या मशीनवर नाण्यांची तपासणी करा अशी तुम्हीच मागणी करा, तुमचं साहेब ऐकतील.

मी म्हटलं, बेल वाजलीच नाही. मेहुणीने बेलचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. ही आणि ती दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बघा, बंद आहे.

मेहुणी रडायला लागली. ही तिला आत घेऊन गेली. मी बाहेरच थांबलो. ह्या मुलीला मी परकर-पोलक्यात बघितलेली. माझ्या लग्नात माझे बूट तिनेच लपवले होते.

२८ फेब्रुवारी

वायरमनला बोलावलं. बेल उत्तम आहे म्हणाला. पैसे घेतले नाहीत, वर जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. ह्याचं साडूशी काही नातं आहे का, बघायला हवं.

१ मार्च

बँकेचं दुसरं पत्र. खोटी नाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. विशेषतः गेल्या आठवड्यात. साहेब विचारतात, साडू घरी बसल्यावर वाढली कशी. मी समजावलं की हा जुना माल असणार, साठवलेला, आता हळूहळू बाहेर पडतोय. समजावताना मला ते पटलं होतं. घरी येईपर्यंत तितकंसं राहिलं नाही.

साहेबांनी ठरवलं, चौकशीच्या दिवशी बँकेच्या बाई मशीन घेऊन येतील. डबा उघडतील. आणि माझी पद्धतही बघतील. म्हणजे मेहुणीला हवं होतं ते आपोआपच झालं. मी तिला कळवलं नाही. कळवायला हवं होतं.

मशीनला मी घाबरत नाही. मशीनला कान नसतात.

२ मार्च

साडू धक्क्यावर भेटला. दाढी वाढलेली. मी नजर चुकवणार होतो, तोच पुढे आला. मी तयारीत होतो, शिव्या देईल, गळपट्टी धरेल. तो म्हणाला, दादा, आईंना दोन दिवस तुमच्याकडे आणून सोडतो, सामानाची बांधाबांध त्यांना बघवत नाही. आई म्हणजे सासूबाई. तो त्यांना आईच म्हणतो. मी बाई म्हणतो.

मी म्हटलं, बांधाबांध आत्तापासून कशाला. तो म्हणाला, तुमच्या शब्दापुढे माझा शब्द कोण धरणार. टोमणा नव्हता. खरंच तसं वाटत होतं त्याला.

रात्रीचं जेवण नको म्हटलं. हिने आग्रह केला नाही.

४ मार्च

सासूबाई आल्या. बरोबर त्यांची लोखंडी ट्रंक. ती माझ्या आरामखुर्चीच्या जागी ठेवली, खुर्ची गॅलरीत गेली. सासूबाईंच्या कानात मशीन आहे, बटणाएवढं. म्हातारीला मुंगी चाललेलीही ऐकू येते. मी शेजारच्या खोलीत सुस्कारा टाकला तर इकडून म्हणाल्या, एवढे उसासे टाकायचे होते तर आगीत तेल कशाला ओतलं.

त्या माझ्याशी नेहमी ओरडून बोलतात. मी हिला म्हटलं, बाईंना स्वतःला ऐकू येत नाही म्हणून त्या ओरडतात. हिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

उद्या चौकशी. फरशी पुसून ठेवली. खिशातली नाणी एकेक टाकून बघितली. मुकी. सगळी मुकी. दूधवाल्याने दिलेलं मुकं, पेपरवाल्याचं मुकं. बँकेतून स्वतः आणलेलं कोरं नाणं टाकलं, तेही मुकं. बँकेतलं नाणं खोटं कसं असेल.

मग उस्ताद टाकला. काय गोड बोलला. जिवात जीव आला. उस्ताद बोलतो म्हणजे कान शाबूत आहेत. देशच्या देश खोट्या नाण्यांनी भरलाय, त्याला मी काय करणार.

५ मार्च

लिहायचं नव्हतं. पण नोंद ठेवणारा माणूस असं मीच अर्जात लिहिलंय.

साहेबांची खोली. साहेब, साडू, मी, बँकेच्या बाई. बाई तरुण, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एका ट्रेमध्ये नाणी आणली होती, काही खरी काही खोटी, प्रत्येकावर नंबराची चिकटपट्टी. मशीनवर आधीच तपासलेली. म्हणाल्या, तुम्ही वाजवा, सांगा, मी लिहिते. चिकटपट्टी काढून एकेक हातात देत होत्या.

मी टाकत गेलो, सांगत गेलो. खोटं. खोटं. खरं. खोटं. खरं. कुठेही अडखळलो नाही. मुकी ती मुकी, बोलकी ती बोलकी, फरक इतका स्वच्छ की मला स्वतःचा अभिमान वाटत होता. साडू खाली मान घालून बसला होता. मला त्याची दया आली. मी मनात ठरवलं होतं, निकाल लागला की साहेबांना सांगायचं, जागा सहा महिने राहू द्या त्याला.

बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले. बघितलं. परत बघितलं. साहेबांना दाखवलं. मग माझ्याकडे वळून, तोंड नीट माझ्यासमोर आणून म्हणाल्या, एकही बरोबर नाही. एकूण एक उलट. नुसत्या अंदाजाने कोणाचं इतकं चुकत नाही, ह्याला बारीक पारख लागते.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो. त्यात कौतुक आहे.

डब्याचं सील फोडलं. साडूच्या थैलीतली सगळी नाणी मशीनमधून घातली. सगळ्यांना हिरवा दिवा. सगळी खरी. चुंबक लावून गाळलेली, खरीच असणार. मी मशीन तपासायला सांगितलं. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे खात्रीचं एखादं आहे का. मी उस्ताद काढून दिला. लाल दिवा. मी म्हटलं, पुन्हा घाला. पुन्हा लाल.

मग बाईंनी मोबाइल काढला, त्यावर काहीतरी लावलं. साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. साडूने ठेवले. दाराशी उभ्या शिपायानेसुद्धा ठेवले, तोंड वाकडं करून. मी सगळ्यांकडे बघत विचारलं, काय झालं.

कोणी काही बोललं नाही. निदान मला तसं वाटलं.

बाईंनी मोबाइल बंद केला आणि टेबलावरच्या कागदावर लिहून दाखवलं. खऱ्या नाण्याचा आवाज बारीक, उंच असतो. तो तुम्हाला येत नाही. खोट्याचा जाड, बसका असतो. तेवढाच येतो. म्हणून तुम्ही खरी सगळी बाजूला काढलीत आणि खोटी सगळी बँकेला पाठवलीत.

खोटं नाणं सापडलं की कापून टाकायचं असा नियम, म्हणजे उस्तादचा तिथेच तुकडा पाडायला हवा होता. कात्री टेबलावर होती. बाईंनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. साडूने उस्ताद उचलला आणि माझ्या मुठीत दिला. काहीतरी म्हणाला. ओठांवरून, असू दे असं वाटलं.

६ मार्च

साडू खिडकीवर परत, मुख्य तपासनीसही तोच. मला पगारी विश्रांती. साहेबांनी सन्मानाने हा शब्द दोनदा वापरला, मोठ्याने. बोटीचा पास जमा केला. फरशी मात्र घरी आणली, ती माझी स्वतःची आहे. ही म्हणते, चटणी वाटायला होईल.

संकल्प: डॉक्टरकडे जायचं नाही. थकवा आहे, विश्रांतीने जाईल.

९ मार्च

हिने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी खूप वाट बघितली. शेवटी कंटाळून मधूनमधून दाबत गेलो, अगदीच वाईट दिसू नये म्हणून. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, तुम्ही बटण दाबलंत तेव्हा आम्ही काही वाजवतच नव्हतो.

कानाचं मशीन घ्यायचं ठरलं. मी ठरवलं नाही.

परत येताना मी हिला विचारलं, हे किती दिवसांपासून तुझ्या लक्षात आलंय. ही थांबली, माझ्यासमोर आली, आणि सावकाश म्हणाली, रोज सांगतेय. मला भीती वाटायला लागली आहे की मधल्या काळात हिने आणखी काय काय सांगितलं असेल.

१४ मार्च

मशीन आलं. खिशात ठेवलं. रस्त्यात लोक कानाकडे बघतात.

सासूबाई कालच परत गेल्या, ट्रंक राहिली होती. ती पोचवायची आणि साडूची माफी मागायची, अशी दोन कामं एका खेपेत उरकायची ठरवली. माफीची चार वाक्यं तयार होती. त्यातली तीन माझ्या बाजूची होती, ती ट्रंक चढवताना मनातल्या मनात खोडली. जाताना अलीकडच्या खिडकीवाल्याने नाणं घेतलं नाही, जुनी ओळख म्हणून सोडलं.

साडू घरी नव्हता, ड्युटीवर. मेहुणीने दार उघडलं. बांधलेली खोकी पुन्हा सोडून सगळं जागच्या जागी लावलेलं. तिने चहा केला. मी पहिलं वाक्य म्हणणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या खिशाकडे बोट केलं आणि ओरडल्या, ते काय खिशात घालायचं असतं होय. स्वतःच्या हातांनी माझ्या कानात बसवलं, चाक फिरवलं.

आधी नुसती खरखर. मग चमचा बशीला लागला तो केवढ्याने. मेहुणीच्या बांगड्या. नळाचा थेंब. आणि सासूबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, आता कसं वाटतंय. त्यांचा हळू आवाज मी ह्यापूर्वी कधी ऐकलाच नव्हता. मला एकदम भरून आलं. चहा गरम होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं सांगितलं. मेहुणी म्हणाली, भाऊजी, चहा कधीच गार झालाय.

माफीचं वाक्य तिथे राहिलंच. म्हटलं, खिडकीत साडूला गाठू.

खिडकीसमोर रांग. माझा नंबर आला. साडूने वर बघितलं, कानाकडे बघितलं. पास नाही, मागे माणसं खोळंबलेली, मी खिशात हात घातला आणि हाताला लागलं ते नाणं पुढे सरकवलं. त्याने सवयीने दगडावर टाकलं. माझ्यासारखी फरशी त्यानेही ठेवली आहे, चुंबकाच्या शेजारी.

थप्प.

ओल्या मातीचं ढेकूळ पडावं तसा. एवढाच आवाज. मी खाली बघितलं. उस्ताद होता.

साडूने तो दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. मग स्वतःच्या शर्टाच्या खिशातून एक नाणं काढलं आणि माझं भाडं म्हणून फरशीवर टाकलं. बारीक, उंच, खणखणीत आवाज आला आणि येतच राहिला. मी उभ्या जागी ऐकत राहिलो. हा आवाज मला ओळखीचा होता, फार पूर्वीचा, नोकरीच्या पहिल्या दिवसांतला. मागचा माणूस म्हणाला, अहो काका, सरका की पुढे.

माफी मागितली नाही. घसा बसला होता. साडू म्हणाला, दादा, बोट सुटेल, पळा.

धक्क्यावर पत्र्याच्या छपरावर चिमण्यांचा नुसता गोंधळ. परत आल्यात सगळ्या. मोबाइलचे टॉवर कमी केले असावेत.